हेमालीचं उत्तर

चमकी एकदा अंगाला लागली की आठवडाभर निघत नाही. साबणाने कितीही खसाखसा घासा, जेवताना भातात एखादा सोनेरी कण दिसतोच. गेली तीन वर्षं माझ्या भातात चमकी आहे. तुळिंजच्या आमच्या शाळेत कृतियुक्त अध्यापन आलं तेव्हापासून.

माझा कृतियुक्त अध्यापनावर राग नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोकांना वाटतं बाई जुन्या वळणाची, छडीवाली. माझा राग त्या नावाखाली आमच्याकडे जे चालतं त्यावर आहे. मुलांनी स्वतः करून शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं परिपत्रकात लिहिलेलं. आमच्याकडे झालं असं, की शिक्षकांनी घरी बसून पुठ्ठे कापायचे, त्यांना रंगीत कागद आणि चमकी चिकटवायची, वर्गात ते पाच मिनिटं मुलांच्या हातात द्यायचे, फोटो काढायचा, फोटो वर पाठवायचा आणि पुठ्ठे परत कपाटात टाकून कुलूप लावायचं. का, तर मुलं खराब करतात. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या, म्हणजे सदानंद सरांच्या खिशात. महिन्याच्या बैठकीत ते सांगतात, "विद्यार्थी स्वतः शिकतोय असं फोटोत दिसलं पाहिजे." शिकला पाहिजे, असं ते एकदाही म्हणालेले नाहीत.

मी आशालता. वटारहून स्कूटरवर येते, सत्तावीस वर्षं पाचवीला गणित शिकवते. माझी पद्धत एकच, मी उत्तर सांगत नाही. हे मी डी.एड.ला शिकले नाही, वडिलांकडून शिकले. आमची केळीची वाडी. मी दहा वर्षांची असताना वडिलांनी माझ्या हातात कोयता दिला आणि म्हणाले, तयार झालेला लोंगर, म्हणजे केळीचा घड, बघून काप, मी विहिरीवर आहे. मी कोवळाच कापला. वडील रागावले नाहीत. त्यांनी तो लोंगर ओटीवर टांगला आणि महिनाभर कुणाला हात लावू दिला नाही. तो पिकला नाही, सुकून काळा पडला, आणि येणारा जाणारा विचारायचा की हे काय लटकवलंय. त्यानंतर कुठला लोंगर कापायचा हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मुलाला उत्तर सांगितलं की त्याच्या हातातला कोयता काढून घेतल्यासारखं होतं, असं माझं तेव्हापासूनचं मत. मुलांना सुरुवातीला याचा फार त्रास होतो, आणि त्यांच्या आयांना त्याहून जास्त.

हेमाली गेल्या वर्षी माझ्या वर्गात दुसऱ्यांदा बसली होती. पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते. त्यात नापास झालं की जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यातही गेलं की वर्ग तोच. हेमाली दोन्हींत गणितात गेली होती. तिची आई यमुना रिक्षा स्टँडजवळ भजीपावची गाडी लावते. शाळा दुपारची, म्हणून सकाळी हेमाली गाडीवर पाव मोजून द्यायला उभी असते. धाकटी बहीण ऋतिका चौथीत, भलतीच चुणचुणीत. म्हणजे हेमाली पुन्हा राहिली तर पुढच्या जूनला दोघी बहिणी एकाच वर्गात येणार होत्या. हेमालीला नापास होण्याचं फारसं वाटत नव्हतं, पण या गोष्टीने तिची झोप उडाली होती. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "बाई, पाचवीच्या दोन तुकड्या नाही का करता येणार? एकीत ती, एकीत मी."

"अडतीस मुलं आहेत वर्गात. दोन तुकड्या कुठून आणू?"

"मग पास व्हायला पाहिजे," ती म्हणाली. ती वाद घालणाऱ्यांतली नव्हती. जाऊन आपल्या बाकावर बसली.

तिची गाडी अपूर्णांकांच्या बेरजेत अडायची. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. वरचे मिळवायचे वरच्यात, खालचे खालच्यात, उत्तर दोन छेद पाच. अडतीसांतली तीस मुलं दर वर्षी हेच लिहितात. मी त्यावर फुली मारत नाही. खाली लिहिते, 'घरी करून बघ.' हेमालीच्या वहीत हे मी किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. शाई वाया गेली असंच मला वाटत होतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी ती घंटा व्हायच्या आधीच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"बाई, दोन छेद पाच येत नाही."

"कशावरून?"

"सकाळी गाडीवर एक काका आले, त्यांना तीन पाव पाहिजे होते. आमची लादी सहाची. म्हणजे अर्धी लादी. मग दुसरे काका आले, त्यांना दोन. म्हणजे तिसरा हिस्सा. पाच गेले, एक उरला."

"बरं मग?"

"मग दोन छेद पाच कसं येईल? पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून पण कमी. अर्धी लादी तर पहिल्या काकांनीच नेली."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मी मुलांना छेद समान करायला शिकवते, उत्तर पडताळायला शिकवते, पण अर्ध्यात काही मिळवलं तर ते अर्ध्याहून कमी कसं होईल, इतकी साधी गोष्ट सत्तावीस वर्षांत माझ्या तोंडून कधी आली नव्हती. मला रडूच आलं. फळा स्वच्छ होता तरी मी तो पुसायला वळले.

"आणि पाव लादी अधिक तिसरा हिस्सा?" मी पाठमोरीच विचारलं. "एक छेद चार अधिक एक छेद तीन?"

प्रार्थना झाली, पहिला तास झाला. दुसऱ्या तासाला मराठीच्या बाईंची परवानगी काढून ती व्हरांड्यात मला गाठायला आली. "सहाची नाही चालणार बाई. चौथा हिस्सा काढताना पाव फाटतो. दोन लाद्या लावायला लागतात. बाराचे तीन आणि बाराचे चार. सात."

त्यानंतर पोरीने मला सोडलंच नाही. स्वतःच गणितं घालायची, स्वतःच सोडवायची, आणि मी "बरोबर" म्हणायच्या आत निघून जायची, कारण बरोबर आहे हे तिला कळलेलं असायचं. एक छेद पाचला अडली तेव्हा बेकरीवाल्याला विचारून आली की दहाची लादी करता का. घटक चाचणीत तिला वीसपैकी चौदा पडले. शिकवणाऱ्याला आयुष्यात यापेक्षा जास्त काही मिळत नाही, आणि मला ते मिळालं होतं.

मग मी शेण खाल्लं. पहिला घास असा, की मी हे सगळं शिक्षकखोलीत मिरवून सांगितलं. सदानंद सर कोपऱ्यात चहा पीत होते.

फेब्रुवारीत शाळा तपासायला जिल्ह्याची समिती येणार होती. प्रत्येक शाळेने एक नमुना पाठ दाखवायचा, त्याचं चित्रीकरण होणार, आणि निवडलेले पाठ जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना दाखवले जाणार. सरांनी कप खाली ठेवला. "आशालताबाई, हाच पाठ. पावाची लादी. स्थानिक आहे, रोजच्या जगण्यातलं आहे, समितीला असंच लागतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठ लिहून आणला. पाठ म्हणजे चक्क नाटक. कोणी कधी हात वर करायचा, कोणी कधी "मला एक शंका आहे" म्हणायचं, सगळं ओळीने. मुलं शंका विचारणार ती सरांनी काढलेली. मुलं शोध लावणार तो टंकलिखित.

मी वाचत गेले. शोध लावणाऱ्या मुलीच्या पुढे नाव होतं पूर्वी. पूर्वीचे आईवडील दोघं मुंबईला नोकरीला, आई पालक समितीवर. मुलगी गुणी, उच्चार स्वच्छ, कॅमेऱ्याला घाबरत नाही. आणि सुरुवातीला उठून चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीच्या पुढे नाव होतं हेमाली.

"सर, हे उलटं झालंय. हे हेमालीनं शोधलंय."

"मला माहीत आहे. पण ती बोलताना अडखळते. आणि चूक करणारं कुणीतरी लागतंच, बाई. चुकीतून शिकणं, हा मुद्दाच आहे त्यांच्या यादीत." सरांनी जरा आवाज खाली आणला. "ती आधीच एकदा राहिलेली आहे. ती चुकली तर कुणाला बसवलेलं वाटणार नाही."

तेव्हा मी ते कागद त्यांच्या तोंडावर फेकायला हवे होते. मी म्हटलं, "बघते." खरं सांगते, मला माझं नाव हवं होतं. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत माझा पाठ दाखवणार, खाली माझं नाव येणार, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. सरांची किळस करता करता मी त्यांच्याच ताटात जेवायला बसले.

मी हेमालीला बाजूला घेतलं.

"मी चुकायचं?" तिने विचारलं.

"फक्त पाठापुरतं. नाटकात नाही का कुणीतरी राक्षस होतं?"

"मग बरोबर कोण सांगणार?"

"पूर्वी."

"पूर्वीच्या घरी कापलेला ब्रेड आणतात, बाई. तिला लादी किती पावांची ते माहीत नाही."

"तू सांग तिला."

आणि तिने सांगितलं. मधल्या सुट्टीत बाकावर बसून तिने पूर्वीला आपला शोध समजावून दिला, पहिले काका, दुसरे काका, सगळ्यासकट. मी व्हरांड्यातून बघत होते. त्या वेळीही माझी जीभ रेटली नाही.

तालमी नऊ झाल्या. खऱ्या पावांना मुंग्या लागतात म्हणून सरांनी स्पंजचे पाव करून घेतले, वर तपकिरी रंग आणि कडेने चमकी. पावाला चमकी. ते हातात घेताना माझ्या अंगावर शहारे यायचे. हेमाली उठायची, म्हणायची, "बाई, एक छेद दोन अधिक एक छेद तीन, उत्तर दोन छेद पाच." मग गट पाव मांडायचा, पूर्वी उठून तिची चूक दाखवायची, हेमाली म्हणायची, "अरे हो, पूर्वीने सांगितलं म्हणून मला कळलं." पहिल्या दोन तालमींत ती हे खालमानेने म्हणाली. तिसऱ्या तालमीला सर म्हणाले, "शाब्बास, अगदी खरी चूक वाटते." वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांनी या मुलीला याआधी कधी शाब्बास म्हटलेलं नव्हतं. चौथ्या तालमीपासून ती उत्तर देण्याआधी डोकं खाजवायला लागली. पोरं हसायची, सर खूश व्हायचे. सातव्या तालमीपर्यंत ती चुकण्यात इतकी तरबेज झाली होती की मला तिच्याकडे बघवेना.

समितीच्या दिवशी तीन पाहुणे आले आणि एक कॅमेरावाला. प्रमुख होत्या मर्लिन मॅडम, वसईच्याच, साधी सुती साडी, हातात वही. पाठ सुरेख झाला. शंका वेळेवर आल्या, शोध वेळेवर लागला, हेमालीने डोकं खाजवलं. मर्लिन मॅडम शेवटपर्यंत वहीत काही लिहीत होत्या. मग त्या उठल्या आणि यादीत नसलेली गोष्ट केली. मुलांना म्हणाल्या, "छान. आता मला सांगा, एक छेद चार अधिक एक छेद तीन किती? पाव घ्या, काहीही घ्या, आरामात करा."

एकाही मुलाने पावांकडे बघितलं नाही. अडतीस तोंडं माझ्याकडे वळली. पूर्वी तर रडवेली झाली, बिचारीला एवढंच पाठ होतं. आणि तिसऱ्या बाकावर हेमालीचा हात वर यायला लागला. कोपरापर्यंत आला. दोन लाद्या, बाराचे सात, तिला येत होतं. मला माहीत होतं की तिला येतं.

माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच विचार आला. आत्ता चुकलेली मुलगी हे उत्तर कसं देईल? पाठ बसवलेला आहे हे उघडं पडेल. मी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. अगदी जराशी. कॅमेऱ्यात दिसली नसेल.

हात खाली गेला.

सरांनी घड्याळ दाखवलं, "मॅडम, तास संपतोय, नाश्ता तयार आहे." मर्लिन मॅडमनी एकदा हेमालीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि वही मिटली. पाठ निवडला गेला. मला शाल आणि नारळ मिळाला. शाळेला वरची श्रेणी मिळाली. सरांनी वर्गात येऊन पेढे वाटले आणि मुलांना बजावलं, "समितीची माणसं पुन्हा येतील, काही विचारतील. ज्याने पाठात जे सांगितलं तेच त्याने सांगायचं. बदलायचं नाही. नाहीतर आपल्या बाई खोट्या ठरतील. चालेल का बाई खोट्या ठरलेल्या?" मुलं एका सुरात नाही म्हणाली. मी तिथेच, फळ्याशेजारी पेढा खात उभी होते.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. मुलांनी अक्षर नीट काढावं म्हणून सरांनी आदल्या दिवशी सगळ्या वर्गांना सांगितलं की या वेळी पेपर बाहेरचे लोक तपासणार आहेत. थाप होती. पेपर नेहमीसारखे माझ्याच पिशवीत आले. वटारला ओटीवर बसून मी तपासत होते. हेमालीचा पेपर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, गोड खाऊ राखून ठेवतात तसा.

एक छेद दोन अधिक एक छेद तीन, दोन छेद पाच. एक छेद चार अधिक एक छेद तीन, दोन छेद सात. त्यापुढचं, त्यापुढचं, सगळं तसंच, वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. अक्षर सुंदर. पास व्हायला लागतात त्याच्या निम्मेही गुण होत नव्हते. लाल पेन हातात होतं आणि घरात कुणी नव्हतं. उत्तरं सुधारून टाकावीत असं मनात आलं. पण मग तिच्या पेपरात माझी उत्तरं झाली असती, आणि माझी उत्तरं तिच्या तोंडात एकदा घालून झालीच होती. मी आहेत तेच गुण लिहिले.

दुसऱ्या दिवशी तिला शाळेत बोलावलं. रिकाम्या वर्गात ती माझ्यासमोर उभी राहिली. मी विचारलं, "अर्धी लादी आणि तिसरा हिस्सा मिळून किती?"

"पाच पाव," ती लगेच म्हणाली. "पाच छेद सहा."

"मग पेपरात काय लिहिलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "पाच छेद सहा हे पाठातलं पूर्वीचं उत्तर आहे ना, बाई. माझं दोन छेद पाच आहे."

"पण हा पेपर होता, हेमाली. पाठ नव्हता."

"सर म्हणाले ना, बाहेरचे तपासणार. त्यांनी तो व्हिडिओ बघितला असेल. मी बरोबर लिहिलं असतं तर तुम्ही खोट्या पडल्या असतात." मग तिने जरा काळजीने विचारलं, "बाकीचं पण मी तसंच केलं, खालचे खालच्यात. तसंच करायचं होतं ना? तुम्ही तेव्हा मान हलवलीत."

स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. पोरीने मला वाचवण्यासाठी स्वतःचं वर्ष दिलं होतं, आणि तेही इतक्या मनापासून, इतक्या सुवाच्य अक्षरात. आमच्या सगळ्या पाठांत हा एकच पाठ ती पूर्णपणे स्वतः करून शिकली होती.

मी तडक सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, समितीला कळवा की पाठ बसवलेला होता. ती मुलगी हुशार आहे, आपण तिला चुकवलंय. सर शांतपणे सुपारी कातरत होते.

"जून आहे ना, फेरपरीक्षा. करून घ्या तयारी."

"सर, खरं काय ते सांगायला पाहिजे."

"जरूर सांगा," सर म्हणाले. "शाल कुणी पांघरलीय, तेही सांगा."

मी त्याच दिवशी मर्लिन मॅडमना पत्र लिहिलं. दोन पानं, एकही ओळ खोटी नाही. ते पत्र माझ्या पर्समध्ये आहे. रोज स्कूटर काढताना वाटतं आज टाकू, आणि रोज मी ते परत घरी आणते. तेव्हा सरांना नावं ठेवायचा मला किती हक्क आहे, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मे महिन्यात मी सकाळी हेमालीच्या आईच्या गाडीवर जाऊ लागले, तिची तयारी करून घ्यायला. शाळेत नको वाटत होतं. पहिल्या दिवशी गर्दी ओसरल्यावर यमुनाने मला स्टूल दिलं. ती खाडीकडच्या मिठागराच्या गावची, बोलणं मोकळं.

"बसा, बाई. पानी देऊ? तुम्ही यवढ्या लांबून येता तिच्यासाठी. मी तर बोलले, हिचं डोकंच नाय अभ्यासात. लहानी बग कशी हाय. आता दोघी एका वर्गात बसनार, लोकं हसतील."

"डोकं आहे तिला," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा जास्त आहे."

यमुना हसली. शिक्षकांनी असं म्हणायची रीत असते, एवढंच तिला वाटलं असावं. ऋतिका बाजूला कांदे सोलत होती, तिनेही बहिणीकडे बघून घेतलं. हेमाली हात पुसून माझ्यासमोर पाटावर बसली आणि वही उघडली. मी टोपलीतून एक ताजी लादी घेऊन तिच्या पुढ्यात ठेवली. खरे पाव, गरम, वर पिठाची पांढरी पूड. मी वहीत लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन, आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

ती लिहीना.

"कर ना," मी म्हटलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, ऋतिकाला ऐकू जाऊ नये म्हणून, "जूनमध्ये माझं कुठलं उत्तर आहे?"

"तुला जे बरोबर वाटतं ते."

"हो, पण कुठलं?"

"लादीकडे बघ, हेमाली. तूच शोधलं होतंस हे."

तिने मान डोलवली आणि पेन्सिल कागदावर टेकवली. पाच लिहायला लागली, थांबली, माझ्या भुवयांकडे बघितलं. खोडलं. दोन लिहायला लागली, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी तोंड कोरं ठेवायचा प्रयत्न केला. तिला त्यातही काहीतरी दिसलं आणि तिने तेही खोडलं. वहीला भोक पडायला आलं होतं. मागून यमुना म्हणाली, "सांगा ना तिला, बाई. यका शब्दाचं तर काम."

मी उत्तर सांगत नाही. मी डोळे मिटून घेतले. मला एवढंच सुचलं. भजीच्या तेलाचा वास येत होता, रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते, आणि पेन्सिलीचा आवाज येतो का म्हणून मी कान देऊन बसले होते. बराच वेळ गेला. काहीच ऐकू येईना, म्हणून मी डोळे उघडले. लादी तशीच पुढ्यात होती, वाफ गेलेली. हेमाली माझ्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत, मी ते उघडायची वाट बघत बसली होती.